आधी कोपर मोजा, खुर्ची नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, उंची पाच फूट एक इंच, घर डोंबिवलीत, ऑफिस अंधेरीला. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, तेही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. सात-आठ महिने मान आणि उजवा खांदा दुखतोय, संध्याकाळी कंबर धरते. पंधरा हजारांची ‘अर्गोनॉमिक’ खुर्ची घेतली, तिला दोन महिने झाले, फरक काही नाही. आता एमआरआय काढू, की याहून चांगली खुर्ची घेऊ?

दोन्ही नको. निदान आज तरी नको. मी बावीस वर्षं मुंबईत फिजिओथेरपी करतेय आणि माझ्या टेबलाच्या खणात गोनिओमीटरच्या, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाच्या, शेजारी शिंप्याची टेप असते. या तक्रारीत दोन्हींपैकी टेपच जास्त बाहेर निघते. तुम्ही खुर्चीची किंमत, वय, उंची सगळं लिहिलंत, पण मला हवा असलेला आकडा लिहिला नाहीत: टेबल किती उंच आहे?

मोजून बघा. तीस इंच भरेल, फार तर अर्धा इंच इकडेतिकडे. आपल्याकडची जेवणाची टेबलं आणि ऑफिसातली बहुतेक टेबलंही याच मापाची येतात. आता दुसरं माप. खुर्ची इतकी खाली घ्या की पावलं जमिनीवर सपाट टेकतील. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा, हात लोंबू द्या आणि मग कोपरात काटकोन करा. कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. तुमच्या उंचीच्या बाईचं ते साधारण २४ इंच येतं. म्हणजे तुमचे हात जिथे आरामात असायला हवेत, तिथून सहा इंच वर तुमचं टेबल आहे, आणि त्यावर लॅपटॉपची जाडी आणखी पाऊण इंच.

ही सहा इंचं तुम्ही कुठून आणता? खांदे उचलून. तुम्हाला कळतही नाही, कारण ते हळूहळू वर जातात. एकेका हाताचं वजन शरीराच्या सुमारे पाच टक्के असतं. साठ किलोच्या माणसाचा एक हात म्हणजे तीन किलो. तो दिवसभर उचलून धरण्याचं काम मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूवर येतं. तीन किलोची पिशवी उचलणं मोठी गोष्ट नाही, पण तीच पिशवी खाली न ठेवता आठ तास धरायला सांगितली तर? संध्याकाळी तिथे दाबल्यावर जी गाठ लागते आणि घरचे ज्यावर बाम चोळून देतात, ती बहुधा या धरून ठेवण्याची असते.

म्हणून नव्या खुर्चीने काही झालं नाही. उलट अशा खुर्चीसोबत येणाऱ्या कागदावर ‘पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ असं लिहिलेलं असतं, तुम्ही ते इमानाने पाळलंत आणि टेबल पार छातीशी आलं. शिवाय खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत असणार. मग खुर्ची आत सरकत नाही, तुम्ही पुढे वाकता आणि पंधरा हजारांची पाठ मागे रिकामी राहते. अंदाज चुकला असेल तर सांगा, पण फारसा चुकत नाही.

टेबल खाली येणार नसेल तर तुम्ही वर जा. खुर्ची वर घ्या, कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत. बहुतेक खुर्च्या २० इंचांच्या आसपास थांबतात. वर एक घट्ट उशी घेतली की काम भागतं. फोमची मऊ उशी नको, ती तासाभरात बसते. आता पाय लोंबकळतील. तसेच ठेवलेत तर आठवडाभरात पोटऱ्या भरून येतील आणि कंबर जास्त दुखेल, म्हणून पायाखाली पाच-सहा इंचांचं काहीतरी भक्कम हवं. ठेंगणा चौरंग उत्तम. पुठ्ठ्याचा खोका चार दिवसांत चेपतो. दोन पाट एकावर एक ठेवले तर ते सरकतात. माझ्या एका पेशंटचा त्यात अंगठा चेमटला होता. खुर्चीचे हात टेबलाखाली जात नसतील तर सरळ काढून टाका, चार स्क्रू असतात. विक्रेते याच हातांचं कौतुक सांगून खुर्ची विकतात, पण टेबलाशी जमत नसतील तर ते अडथळाच आहेत.

जाता जाता एक. वीसेक वर्षांपूर्वी घरोघरी सनमायकाची कॉम्प्युटर टेबलं असायची, कीबोर्डसाठी सरकता ट्रे असलेली. दिसायला बेढब, पण ट्रे २५-२६ इंचांवर, म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ बायकांच्या कोपराला बरोबर. (त्या ट्रेवर माउसला जागा नसायची, तो वरच्या फळीवर जायचा आणि उजवा खांदा दुखायचा, ते सोडा.) आईकडे माळ्यावर एखादं पडलं असेल तर खाली काढा.

आता लॅपटॉप. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले, ही त्याची मूळ अडचण. हात नीट ठेवले तर मान खाली, मान नीट ठेवली तर हात वर. यावर कसरतीचा उपाय नाही, वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस हाच उपाय. हजार-दीड हजारात दोन्ही येतात. लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानात बोटं फिरवून बघता येतं. शक्यतो उजवीकडे आकड्यांचा पट्टा नसलेला कीबोर्ड घ्या. तुमचं काम अकाउंट्सचं असेल तर तो पट्टा लागतो, मान्य. पण इतरांच्या बाबतीत त्या चार बोटं रुंदीने माउस बाहेर ढकलला जातो, हात धडापासून लांब राहतो आणि उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला ठणका लागतो. तुम्ही ‘उजवा खांदा’ लिहिलंय. तो वर दुखतो की मागे खवाट्याशी, हे बोट ठेवून बघा. वर दुखत असेल तर टेबलाची उंची, मागे असेल तर माउस. कीबोर्डखालचे ते दोन छोटे पाय उघडू नका, त्यांनी मनगट मागे वाकतं.

मग लॅपटॉप वर चढवा. सरळ समोर बघितल्यावर नजर पडद्याच्या वरच्या कडेला किंवा तिच्याखाली दोन-तीन बोटं पडली पाहिजे. वाचताना डोळे किंचित खाली झुकतात, ते त्यांना आवडतं. तुमच्या मापात लॅपटॉपची बैठक टेबलापासून आठ-नऊ इंच वर येईल. स्टँड मिळतात, पण वीसेक जाडजूड दिवाळी अंकही हेच काम करतात, आणि त्यांचा दुसरा उपयोग तसाही पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी करत नाही. अंतर हातभर: बसल्या जागेवरून हात लांब केल्यावर बोटांची टोकं पडद्याला लागतील इतकं. अक्षरं बारीक वाटली तर अक्षरं मोठी करा, मान पुढे नेऊ नका. चाळिशीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांना मात्र माझा हा नियम उलटा लागू: ते काचेच्या खालच्या भागातून बघतात, पडदा वर असला की हनुवटी वर करतात, आणि डोक्याच्या मागे कवटीच्या खाली दुखू लागतं. त्यांनी पडदा अजून खाली घ्यावा.

मानेवरून आठवलं. मोबाईलमध्ये वाकलेल्या माणसाचं एक चित्र व्हॉट्सअॅपवर फिरतं: मान ६० अंश झुकली की तिच्यावर २७ किलोचा भार. तो आकडा २०१४ साली अमेरिकेतल्या एका सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर केलेल्या हिशोबातून आलेला आहे, कुणाच्या मानेत यंत्र बसवून मोजलेला नाही. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंवर ताण वाढतो, एवढं खरं. पण मान खाली वाकवण्यासाठीच केलेली आहे. भाजी निवडताना, रांगोळी काढताना आपण ती तासन्‌तास वाकवतोच. वाकवणं वाईट नाही, अडकून राहणं वाईट.

कमरेकडे येते. तुमच्या उंचीच्या लोकांना खुर्चीच्या उंचीपेक्षा तिची बैठक पुढून मागे किती खोल आहे, हे जास्त छळतं. पार मागे सरकून बसा आणि बैठकीची पुढची कड व गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटं जातात का बघा. जात नसतील तर ती कड पोटरीला रुतते, तुम्ही नकळत पुढे सरकता, पाठ सुटते आणि मग पोक. काही खुर्च्यांची बैठक मागेपुढे होते, बहुतेकांची होत नाही. पाठीमागे घट्ट उशी लावून बैठक ‘उथळ’ करा. कमरेच्या खोलगट जागेत, बेंबीच्या मागच्या बाजूला, हातरुमालाची नव्हे, आंघोळीच्या टॉवेलची गुंडाळी करून ठेवा. जाडी किती? हळूहळू बारीक करत जा. जिथे ती आहे हे विसरायला होईल, तिथे थांबा.

आणि पाठ थोडी मागे कलती ठेवा, बैठकीशी १०० ते ११० अंशांचा कोन होईपर्यंत. इथे मला एक कबुली द्यायची आहे. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी प्रत्येकाला ‘ताठ बसा’ सांगायचे. शाळेत बाई सांगायच्या, कॉलेजात आम्हाला तेच शिकवलं, मी तेच पुढे ढकललं. मग बँकेतले एक गृहस्थ महिन्याने परत आले, कंबर पहिल्यापेक्षा वाईट. ते बिचारे माझ्या शब्दाखातर आठ तास काठीसारखे बसले होते. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या गादीतला दाब मोजायला सुरुवात केली. बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा बराच वाढतो, असं त्यांच्या कामातून पुढे आलं आणि पुस्तकांत बसलं. पण १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा साधं बसणं आणि उभं राहणं जवळपास सारखंच निघालं, ताठ बसल्यावर दाब थोडा वाढला आणि खुर्चीत मागे सैल रेलल्यावर तो उभं राहण्याच्या निम्म्याच्या आसपास उतरला. मोजमाप एकाच माणसावरचं होतं, तेव्हा त्याला वेदवाक्य मानू नका. पण पेढीवरचे मुनीमजी लोडाला टेकून, पुढ्यात उतरती डेस्क घेऊन दिवसभर जमाखर्च लिहायचे, तेव्हा त्यांना काहीतरी कळत होतं असं मला वाटतं.

तरीही ही सगळी मापं अचूक लावून तुम्ही तीन तास न हलता बसलात, तर दुखेलच. मणक्यांमधल्या गादीला मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या द्रवातून झिरपून होतं आणि शरीराच्या हालचालीने त्याला मदत होते. स्नायूचंही तसंच: आखडलेला राहिला की त्यातून रक्त नीट फिरत नाही. म्हणून अर्ध्या तासाला एकदा उठा. व्यायाम करायचा नाही, फक्त उठायचं. पाण्याची बाटली जवळ ठेवू नका, पेला घ्या आणि तोही लहान. फोन आला की उभं राहून बोला. चारशे चौरस फुटांत चालणार कुठे, असं एका पेशंटने विचारलं होतं. मी म्हटलं, गॅलरीतल्या कुंडीपर्यंत जा आणि परत या, तेवढं पुरे. उठलात की नजरही लांब जाऊ द्या, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, आणि कोरडे डोळे बारीक करून वाचणारा माणूस मान पुढे काढतोच.

उभं राहून काम करायचं टेबल घेऊ का, हा पुढचा प्रश्न येईल. हौस आणि जागा असेल तर घ्या, पण दिवसभर उभं राहिलात तर कमरेचं दुखणं टाचेत जाईल एवढंच. स्वयंपाकाचा ओटा मात्र यासाठी वापरू नका. तो ३२-३४ इंचांचा, उभं राहून टाइप करायला तुमच्यासाठीही चार-पाच इंच कमी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी ऑनलाइन पेशंट बघायचे तेव्हा हेच केलं, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. लोकांना मान कशी ठेवायची ते सांगता सांगता महिनाभरात माझीच मान धरली. शेवटी उंची बदलणारं इस्त्रीचं टेबल कामाला आलं.

खिडकी शक्यतो बाजूला असू द्या, समोर किंवा मागे नको. पंखा किंवा एसीचा झोत सरळ मानेवर येत असेल तर दिशा बदला. दुखणं त्यानेच होतं असं नाही, पण आखडलेल्या मानेला तो झोत सोसत नाही, हे पेशंट इतक्यांदा सांगतात की मी वाद घालणं सोडलंय.

राहिले ऑफिसचे दोन दिवस. तिथलं टेबल तुमच्या हातात नाही, पण चौरंगाऐवजी पायाखाली कागदाची रिमं आणि लॅपटॉपखाली फायली, एवढं कोणी नाकारत नाही. मला जास्त काळजी प्रवासाची वाटते. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने अंधेरी, असंच जात असाल ना? लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली की आपण जिंकल्यासारखं बसतो. अर्धा खुबा बाकावर, अर्धा हवेत, एक पाय वाटेत रोवलेला, कंबर पिळलेली आणि मांडीवर लॅपटॉपची बॅग. कमरेच्या दृष्टीने यापेक्षा उभं राहणं परवडतं, निदान दुखणं ताजं असेपर्यंत. बॅग दोन पट्ट्यांची घ्या, गर्दीत पुढे लटकवलीत तरी चालेल, डब्यात शिरल्यावर रॅकवर टाका. ऑफिसला ज्यादा चार्जर ठेवलात तर तेवढंच ओझं कमी.

व्यायाम एकच सांगते, कारण पाच सांगितले तर एकही होत नाही. रबरी पट्ट्याच्या मध्यावर उभं राहून त्याची टोकं दोन्ही हातांत धरायची, कोपरं किंचित वाकलेली, हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. दिवसातून दोन मिनिटं. डेन्मार्कमध्ये २०११ साली ऑफिसात काम करणाऱ्या १९८ जणांवर हाच प्रयोग दहा आठवडे झाला. रोज दोन मिनिटं करणाऱ्यांचं मान-खांद्याचं दुखणं स्पष्ट कमी झालं, आणि बारा मिनिटं करणाऱ्यांना त्याहून फार जास्त फायदा मिळाला नाही. सुरुवातीला खांदे ठणकतील. दोन दिवसांत थांबेल.

एमआरआयबद्दल. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्यांचा. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. म्हणजे तुम्ही फोटो काढलात तर काहीतरी दिसण्याची शक्यता भरपूर आहे. त्याचा तुमच्या दुखण्याशी संबंध असेलच असं नाही, पण तो कागद हातात आला की माणूस वाकायला घाबरतो, ‘मला स्पॉन्डिलायटिस आहे’ म्हणत कॉलर लावून फिरतो आणि मग खरंच आखडतो.

पण काही गोष्टी असतील तर खुर्ची-टेबल बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा: हातात किंवा पायात सतत मुंग्या वा बधिरपणा, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

तेव्हा आधी चौरंग, कीबोर्ड-माउस आणि दिवाळी अंक, एवढं या शनिवार-रविवारी करा. पहिले तीन-चार दिवस उंच बसल्यासारखं विचित्र वाटेल, घरचे हसतील. मानेत फरक दोन-तीन आठवड्यांत कळायला हवा, कमरेला थोडा जास्त वेळ लागतो. सहा आठवड्यांनीही जैसे थे असेल तर कुणातरी फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, आणि जाताना टेबलाशी बसलेला बाजूने काढलेला फोटो न्या. फोटो काढणार हे आधी माहीत नसताना काढलेला; नाहीतर सगळे ताठ बसतात.

आणि संध्याकाळी तीच खुर्ची घरातलं आणखी कुणी वापरत असेल, तर तुमच्यासाठी लावलेल्या उंचीची खुर्चीच्या दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.